९३ टक्के गोऱ्या गावात जायचं का? घर बघण्याआधी मोजायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही मराठी, मिस्टर ब्लॅक अमेरिकन. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. मुलगी नऊची, चौथीत. सध्या मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत राहता. मिस्टरांना दक्षिण न्यू हॅम्पशायरमधल्या हॉस्पिटलात चांगली नोकरी मिळते आहे. हॉस्पिटलजवळचं गाव ९३ टक्के गोरं, शाळेला वेबसाइटवर १० पैकी ९ गुण, घर बजेटमध्ये. एकदा जाऊन आलात, "लोक चांगले वाटले". तरी रात्री झोप लागत नाही.

घरखरेदीतल्या भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेत समुपदेशन करताना हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सारखा समोर येतो. लोक चांगले असतीलच. पहिल्या आठवड्यात कोणीतरी केक घेऊन दारात येईलही. त्यावरून काही कळत नाही. कळायला हवं ते दुसरंच आहे: शाळेत, रस्त्यावर, बँकेत काही वाईट घडलं तर तिथली व्यवस्था काय करते? आणि आज पाच मिनिटांवर सहज मिळणाऱ्या किती गोष्टी उद्या तासभर गाडी चालवून आणाव्या लागतील? या दोन्हींचा अंदाज घर घेण्याआधी बऱ्यापैकी बांधता येतो.

काही गोष्टी मला इथून दिसणार नाहीत. मिस्टर स्वतः लहानपणी वर्गातले एकटे ब्लॅक मूल होते का, हे सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांनी ते सोसलंय त्यांचं मत या बाबतीत तुमच्या आणि माझ्या मतापेक्षा जड धरा. मुलाचा स्वभाव, नोकरी किती वर्षांची, यावरही बरंच अवलंबून आहे. एक मात्र स्पष्ट सांगते: "आई भारतीय आहे" याची सूट शाळेच्या कॉरिडॉरमध्ये किंवा पोलिसाने गाडी थांबवल्यावर मिळत नाही. तिथे तुमची मुलं ब्लॅक म्हणूनच पाहिली जातील. म्हणून तुम्हाला एकटीला तिथे कसं वाटलं, याचा उपयोग मर्यादित आहे.

आधी आकडे. ९३ टक्के गोरे म्हणजे उरलेले ७ टक्के ब्लॅक नव्हेत. न्यू हॅम्पशायरमध्ये २०२० च्या जनगणनेत ब्लॅक लोकसंख्या दीड टक्क्याच्या आसपास होती. सेन्ससच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून बी०३००२ हा तक्ता काढा. त्यात हिस्पॅनिक आणि बिगर-हिस्पॅनिक वेगळे करून वंशवार संख्या मिळते. ही पाच वर्षांची सरासरी असते. लहान गावात तिच्यातल्या संभाव्य चुकीची मर्यादा इतकी मोठी असते की "१२०, अधिक-उणे ९५" असंही दिसतं. अशा ठिकाणी २०२० च्या मूळ जनगणनेचा आकडा घ्या, आणि तोही संपूर्ण गावाचा. गल्लीपातळीवरच्या आकड्यांमध्ये गोपनीयतेसाठी मुद्दाम थोडा गोंधळ मिसळलेला असतो, त्यावर विसंबू नका. आणखी एक फसगत: गावाच्या हद्दीत तुरुंग किंवा कॉलेजचं वसतिगृह असेल तर तिथले लोक गावातच मोजले जातात. कागदावर ५ टक्के ब्लॅक आणि प्रत्यक्षात एकही कुटुंब नाही, अशी गावं आहेत. 'ग्रुप क्वार्टर्स'चा, म्हणजे तुरुंग-वसतिगृहांसारख्या सामूहिक निवासांचा तक्ता उघडला की हे लगेच कळतं.

मग टक्केवारी बाजूला ठेवा आणि डोकी मोजा. समजा हायस्कूलमध्ये ९०० मुलं आहेत आणि त्यातली दीड टक्का ब्लॅक. म्हणजे चार इयत्तांत मिळून तेरा-चौदा. मुलाच्या इयत्तेत तीन किंवा चार, त्यातले मुलगे दोन. हे दोघं एकमेकांचे मित्र होतीलच असं नाही, पण शिक्षक त्यांना एकमेकांच्या नावाने हाक मारतील याची खात्री बाळगा. इयत्तेत तुमचा मुलगा एकटाच असेल तर तो वर्गात गुलामगिरीच्या धड्यापासून केसांपर्यंत सगळ्याचा अधिकृत प्रतिनिधी होऊन बसतो. तेराव्या वर्षी हे ओझं फार आहे.

शाळेच्या १० पैकी ९ गुणांबद्दल: हे गुण बऱ्याच अंशी पालकांच्या उत्पन्नाचे असतात. आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत "चांगल्या डिस्ट्रिक्ट"च्या ज्या याद्या फिरतात, त्याही याच गुणांवर बेतलेल्या. ब्लॅक मुलाला ती शाळा कशी वागवते, हे त्यात कुठेच नसतं. ते बघायला संघीय शिक्षण खात्याचं नागरी हक्कांचं संकलन आहे, सिव्हिल राइट्स डेटा कलेक्शन. प्रत्येक सरकारी शाळेची वंशवार माहिती त्यात मिळते: कितींना सस्पेंड केलं, किती प्रकरणं पोलिसांकडे गेली, आठवीत अल्जेब्रा कोण घेतं, एपी वर्गांत (हायस्कूलमधल्या कॉलेज-पातळीच्या वर्गांत) कोण बसतं, वंशावरून छळाच्या किती तक्रारी नोंदल्या. देशपातळीवर चित्र काय आहे ते माहीत असू द्या: २०१३-१४ मध्ये सरकारी शाळांत ब्लॅक मुलं १५.५ टक्के होती आणि सस्पेंड झालेल्यांत ३९ टक्के.

लहान गावात मात्र हे आकडे वाचताना सांभाळा. चौदा मुलांतल्या दोघांना सस्पेंड केलं की १४ टक्के होतात. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका, उपलब्ध असलेली तीन-चार संकलनं शेजारी ठेवून बघा. आणि छळाच्या तक्रारी 'शून्य' दिसल्या तर हुरळून जाऊ नका. हजार मुलांच्या शाळेत शून्य याचा अर्थ बहुतेक वेळा नोंद करायची पद्धतच नाही असा असतो. पाच तक्रारी नोंदवून त्यावर काय केलं ते सांगणारी शाळा मी शून्यवालीपेक्षा वर ठेवते. युटामधल्या डेव्हिस स्कूल डिस्ट्रिक्टचं उदाहरण यासाठी डोळ्यांसमोर ठेवावं. सुमारे ७३ हजार विद्यार्थी, त्यात ब्लॅक जेमतेम एक टक्का. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्याय खात्याने निष्कर्ष काढला की ब्लॅक आणि आशियाई मुलांचा छळ वर्षानुवर्षं चालू होता, मुलं-पालक तक्रारी करत होते आणि प्रशासन त्याकडे दुर्लक्ष करत होतं. बाहेरून बघणाऱ्याला तो सुखवस्तू, शांत भागच वाटला असता.

म्हणून शाळेला भेट देऊन थांबू नका, ईमेल पाठवा. प्रिन्सिपलना आणि शिस्त बघणाऱ्या असिस्टंट प्रिन्सिपलना, दोघांना. प्रश्न नेमके हवेत. गेल्या तीन वर्षांत वंशवाचक शिवीच्या किती घटना नोंदल्या आणि प्रत्येकीत काय कारवाई झाली, नावं नकोत. शाळेत ब्लॅक शिक्षक, समुपदेशक किंवा प्रशासक किती. स्वयंपाकघर आणि सफाई सोडून. छळाची तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचं नाव काय आणि लेखी उत्तर किती दिवसांत मिळतं. शाळेत पोलीस अधिकारी नेमलेला आहे का आणि साध्या मारामारीत तो पडतो का. उत्तरापेक्षा उत्तराचा सूर बघा. "आमच्याकडे असले प्रकार होत नाहीत" हे सगळ्यात वाईट उत्तर. "गेल्या वर्षी दोनदा झालं, एकदा आम्ही नीट हाताळलं नाही, म्हणून ही पद्धत बदलली" हे सगळ्यात चांगलं. दोन आठवड्यांत उत्तरच आलं नाही, तर तेही उत्तर समजा.

गणिताच्या वर्गाकडे विशेष लक्ष द्या. बदली होऊन आलेल्या ब्लॅक मुलाला "आधी रुळू दे" म्हणून एक पायरी खालच्या गणितात बसवणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. करणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असं नाही, पण परिणाम तोच: नववीत घसरलेली पायरी बारावीपर्यंत भरून निघत नाही आणि कॅल्क्युलस हातचं जातं. मुलाचा ट्रान्स्क्रिप्ट, राज्यपरीक्षेचे गुण आणि आत्ताच्या शिक्षकांचं शिफारसपत्र आधी पाठवा आणि त्याला कोणत्या वर्गात घेणार हे गाव सोडण्यापूर्वी लेखी मागा. मुलीसाठी हेच, फक्त तिथे प्रश्न विशेष गुणवत्ता वर्गाचा आणि वाचनगटाचा.

"चांगल्या वस्तीत वाढलं की मुलांचं भलं होतं" हे संशोधन तुम्ही वाचलं असेल. मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी या प्रयोगात तेरा वर्षांच्या आत कमी गरिबीच्या वस्तीत गेलेल्या मुलांची पंचविशीतली कमाई ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तेराच्या पुढे गेलेल्यांना फायदा दिसला नाही. तुमची मुलं बरोबर त्या रेषेच्या दोन बाजूंना आहेत, म्हणून मोह होतो. पण ती कुटुंबं अतिगरीब वस्त्यांतून निघाली होती. तुम्ही प्रिन्स जॉर्जेस काउंटीतून निघताय, जिथे ब्लॅक डॉक्टर, वकील, मुख्याध्यापक शेजारी राहतात. हा हिशोब तुम्हाला लागू होत नाही. तुम्हाला लागू होतो तो अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास: एकाच उत्पन्नगटात, एकाच परिसरात वाढलेल्या ब्लॅक आणि गोऱ्या मुलग्यांची तुलना केली तर देशातल्या ९९ टक्के परिसरांत ब्लॅक मुलगे मोठेपणी कमी कमावतात. मुलींमध्ये ही तफावत जवळजवळ नाही. मुलग्यांमधली तफावत कमी कुठे होती? जिथे गोऱ्या लोकांतला पूर्वग्रह कमी आढळला आणि आजूबाजूच्या कमी उत्पन्नाच्या ब्लॅक कुटुंबांतही वडील घरात असण्याचं प्रमाण जास्त होतं, तिथे. यातली दुसरी गोष्ट आज तुमच्या मुलाच्या रोजच्या नजरेत आहे आणि नवं गाव ती देऊच शकत नाही. शनिवारी लॉन कापणारे, मुलांना बास्केटबॉल शिकवणारे ब्लॅक बाप तिथे नसतील. या स्थलांतराची खरी किंमत मी इथे मोजते. आणि म्हणूनच मुलीपेक्षा मुलाबद्दल मला जास्त काळजी वाटते.

आता अंतराचा हिशोब. नकाशा उघडून हॉस्पिटलपासून मिनिटं मोजा, मैल नव्हे, आणि जानेवारीतली मिनिटं. मुलाचा फेड कट (कानांकडे बारीक होत जाणारी केशरचना) दर दोन आठवड्यांनी लागतो; ब्लॅक केस कापता येणारा न्हावी किती दूर? मुलीच्या वेण्या सहा ते आठ आठवड्यांनी, एका बैठकीला चार ते सहा तास. मिस्टर चर्चला जात असतील तर ब्लॅक चर्च कुठे? त्वचेचे आजार सावळ्या कातडीवर ओळखणारे डॉक्टर? मिस्टर फ्रॅटर्निटीत, म्हणजे कॉलेजातल्या बंधुसंघटनेत असतील तर तिची पदवीधर शाखा? ब्लॅक कुटुंबांतल्या मुलांना एकत्र आणणारी जॅक अँड जिल ही संस्था आयांनी १९३८ मध्ये फिलाडेल्फियात सुरू केली. गोऱ्या उपनगरांत विखुरलेल्या कुटुंबांना आज तिचा मोठा आधार असतो. तिथली शाखा शोधा आणि आताच फोन करा. सदस्यत्व आमंत्रणावर असतं, वेळ लागतो. माझा ठोकताळा असा: न्हावी अर्ध्या तासात आणि चर्च किंवा संस्था पाऊण तासात हवी. एक तासाच्या पुढे गेलं की पहिला हिवाळा कुटुंब नेटाने जातं, दुसऱ्यात "या रविवारी बर्फ आहे" सुरू होतं आणि तिसऱ्यात सगळं सुटतं.

इथेच तिसरा पर्याय दिसतो. हॉस्पिटलशेजारचं गावच कशाला? नॅशुआ किंवा मँचेस्टर ही तिथली मोठी शहरं, सीमेपलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेल. तिथेही ब्लॅक बहुसंख्य नाहीत, पण शाळेत वेगवेगळ्या रंगांची, भाषांची मुलं असतात आणि तुमचा मुलगा एकटा उठून दिसत नाही. शाळेचे गुण ९ ऐवजी ५ दिसतील. गुण पाहून घाबरण्याआधी अल्जेब्रा आणि एपी वर्गांचे आकडे तिथेही काढा. मिस्टरांनी रोज चाळीस मिनिटं गाडी चालवली तर मुलांच्या आयुष्यातला केवढा ताण वाचतो, हे ताडून बघा. बॉस्टन परिसरातलं मराठी मंडळही मग आवाक्यात येतं. तिथे मात्र तुमचं काम तुम्हालाच करावं लागेल. आपल्या लोकांत काळ्या रंगाबद्दल काय बोललं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलांना तिथे नेण्याआधी दोन-तीन घरांशी ओळख करून घ्या.

पोलिसांबद्दल थोडक्यात. बऱ्याच राज्यांत वाहनं थांबवल्याची वंशवार नोंद उपलब्ध असते. गावातून हायवे जात असेल तर "थांबवलेल्यांत ब्लॅक किती" हा आकडा फसवा, कारण त्यातले बरेच बाहेरचे प्रवासी. त्याऐवजी थांबवल्यावर झडती कितींची घेतली आणि झडतीत काही सापडलं कितींकडे, हे बघा. ब्लॅक चालकांची झडती जास्त आणि त्यात सापडण्याचं प्रमाण कमी असेल, तर संशयाचा उंबरा त्यांच्यासाठी खाली आहे. मुलगा तीन वर्षांत गाडी चालवणार आहे. आकडे मिळालेच नाहीत तर पोलीस प्रमुखांना भेटा; लहान गावात भेट मिळते.

गावाचा स्वभाव कळायला टाउन काउन्सिलच्या सभांची इतिवृत्तं वाचा, विशेषतः अपार्टमेंट बांधायच्या प्रस्तावावरची. "गावाचं स्वरूप बिघडेल" हे वाक्य कोण, किती वेळा आणि कशाच्या संदर्भात म्हणतं ते दिसेल. शेजाऱ्यांच्या नेक्स्टडोअर या ॲपवर "संशयास्पद व्यक्ती" शोधा. वंशावरून संशय घेण्याच्या तक्रारी इतक्या आल्या होत्या की कंपनीला २०१६ मध्ये अशी नोंद करायचा फॉर्मच बदलावा लागला. मग तीन फेऱ्या करा: आठवड्याच्या दिवशी शाळा सुटताना, शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या सामन्याला, शनिवारी हार्डवेअरच्या दुकानात. एक फेरी मिस्टर आणि मुलगा दोघांनीच करावी. तुम्ही बरोबर असताना मिळणारी वागणूक वेगळी असते.

एजंटबद्दल एक गैरसमज असतो. "इथे कसे लोक राहतात?" विचारल्यावर एजंट गप्प बसला तर तो लपवत नसतो. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंशावरून ग्राहकाला एका वस्तीकडे वळवणं किंवा दुसरीपासून परावृत्त करणं बेकायदा आहे. पुण्यात आडनाव विचारून फ्लॅट नाकारतात तसं इथे तोंडावर कोणी करत नाही. घरांची यादी बदलते, एवढंच. न्यूजडे या वृत्तपत्राने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर छुपे कॅमेरे घेऊन केलेल्या आणि २०१९ मध्ये छापलेल्या चाचणीत ब्लॅक ग्राहकांना ४९ टक्के वेळा वेगळी वागणूक मिळाल्याचं दिसलं. उपाय सोपा आहे: घरं तुम्ही स्वतः शोधा, पत्ते एजंटला लेखी द्या आणि दाखवायला सांगा. ऑगस्ट २०२४ पासून एजंटला घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो. त्यातली मुदत कमी ठेवा, तीस दिवस पुरेत, म्हणजे यादीत काळंबेरं वाटलं तर एजंट बदलता येईल. विकणाऱ्याला कुटुंबाचा फोटो लावून भावुक पत्र लिहू नका, त्यातून वंश उघड होतो. कर्जासाठी किमान तीन लेंडरांकडे, ४५ दिवसांच्या आत अर्ज करा. क्रेडिट स्कोअरमध्ये ती एकच चौकशी धरली जाते.

अप्रेजलचं, म्हणजे घराच्या मूल्यांकनाचं दुखणं पुढे रिफायनान्स (जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज) किंवा विक्रीच्या वेळी येतं. गोऱ्या वस्तीत घर असल्याचा फायदा खराच आहे: गृहकर्जं विकत घेणाऱ्या फ्रेडी मॅक या संस्थेच्या २०२१ च्या पाहणीत ब्लॅकबहुल परिसरांत १२.५ टक्के घरांचं मूल्यांकन कराराच्या किमतीखाली आलं, गोऱ्यांच्या परिसरांत ७.४ टक्के. पण मालक कोण दिसतो याचाही परिणाम होऊ शकतो. मूल्यांकन कमी वाटलं तर लेंडरकडे फेरविचाराची लेखी मागणी करता येते, पाचपर्यंत तुलनेची घरं देऊन. ती घरं निवडताना क्षेत्रफळ, बांधणीचं वर्ष आणि विक्रीची तारीख जवळची हवी, नाहीतर अर्ज तिथेच संपतो.

माझा सल्ला: पहिलं शालेय वर्ष भाड्याने राहा. घर घेऊन वर्षात विकायचं झालं तर दलाली, कर आणि बाकी खर्च मिळून किमतीच्या सहा ते दहा टक्के सहज जातात. दुसऱ्यांदा सामान हलवणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त. शिवाय घर विकत घेतलेलं कुटुंब मुलाचा त्रास "रुळेल हळूहळू" म्हणून जास्त दिवस सोसतं. जायचंच असेल तर ऑगस्टच्या शेवटी, नववीच्या पहिल्या दिवशी, सगळेच नवीन असतात तेव्हा. जानेवारीत मध्येच नको. मुलाच्या इयत्तेत दुसरं ब्लॅक मूल नाही, शाळेत एकही ब्लॅक शिक्षक नाही आणि ईमेलला गुळमुळीत उत्तर, ही तिन्ही एकत्र आली तर हॉस्पिटलशेजारचं गाव सोडा.

गेल्यावर एक वही ठेवा: तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोणी पाहिलं. शाळेत काही घडलं तर त्याच दिवशी प्रिन्सिपलना ईमेल, फोन नव्हे, आणि त्यात "वंशाधारित छळ" आणि "टायटल सिक्स" (संघीय निधी घेणाऱ्या शाळांत वंशभेदाला बंदी घालणारं कलम) हे शब्द असू द्या. हे शब्द आले की प्रकरण "मुलांची भांडणं" या खणात टाकणं त्यांना अवघड जातं. संघीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रारीची मुदत घटनेपासून १८० दिवस. त्या कार्यालयाची बारापैकी सात प्रादेशिक केंद्रं मार्च २०२५ मध्ये बंद झाली, न्यू हॅम्पशायर बघणारं बॉस्टनचं केंद्रही त्यातच; म्हणून राज्याच्या मानवाधिकार आयोगाचा दरवाजाही बरोबरीने ठोठवा. घराबाबतचा भेदभाव किंवा शेजाऱ्याची धमकी असेल तर संघीय गृहनिर्माण खात्याकडे एका वर्षात तक्रार, न्यायालयात दोन वर्षांत. धमकीच्या वेळी पोलिसांकडून अहवालाचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

शाळेला ईमेल याच आठवड्यात पाठवा. उत्तर आलं की नावं झाकून इथे टाका, आणि मुलाने आत्ता गणितात नेमकं काय घेतलंय तेही लिहा. त्यावरून पुढचं ठरवू.